बावन्न-त्रेपन्न

तुम्ही खोटं छापायला निघाला आहात आणि त्या खोट्याखाली माझी सही मागताय. वर, सही कुठं करायची ते मला कळावं म्हणून कागदाच्या तळाशी पेन्सिलीनं फुली मारून पाठवलीय. कोणी मारली ती? अठ्ठावीस वर्षं मी तुमच्या कॉलेजाची भट्टी पेटवली, तुमच्या वर्गांतून वाफ खेळवली, तुमच्या प्राध्यापकांचे पाय गरम ठेवले, म्हणजे मला अक्षरओळख नसणार असं तुम्ही धरून चाललात. भट्टी पेटवायला रद्दीचे गठ्ठे यायचे. मी ते जाळण्याआधी वाचायचो. तुमच्या मुलांनी चार वर्षांत वाचलं नसेल तेवढं मी कोळशाच्या ढिगावर बसून वाचलंय आणि मग जाळलंय. तेव्हा तुमचं पत्रही मी दोनदा वाचलं. 'पिस्तूल वेळेवर न उडाल्यामुळे शेवटच्या क्षणाबद्दल मला खात्रीनं काही सांगता येत नाही.' हे म्हणे माझं वाक्य. मी न उच्चारलेलं, तुमच्या समितीनं टाइप केलेलं. त्यावर सही केली की एक्कावन्न सालचा तो बास्केटबॉलचा सामना 'अनिर्णित' होणार, नव्या व्यायामशाळेच्या दारावरच्या पितळी पाटीवर 'घरच्या मैदानावर सलग सहा वर्षं अपराजित' असं कोरता येणार, आणि मला पहिल्या रांगेत कायमची खुर्ची मिळणार. अनिर्णित! अहो, निकाल लागला होता. मी लावला होता.

सकाळी पत्रपेटी उघडली तेव्हा मी चांगला खुशीत होतो. खुशीत असायला मला हल्ली फार लागत नाही. गुडघा दुखत नसला, दारातल्या पेकानच्या झाडाखाली पानं लोटायला मिळाली, आणि व्हर्डेल स्वयंपाकघरात सफरचंदं परतत असली की माझं भागतं. कोरली, माझी मुलगी, बाल्टिमोरला शाळेत शिकवते, दर रविवारी फोन करते, आईशी वीस मिनिटं बोलते आणि माझ्याशी दोन, पण ती दोन बरी जातात. असा सगळा बरा कारभार चाललेला असताना हा कागद आला. मी तो टेबलावर ठेवला. मग उचलला. मग साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला.

"अहो पेटिफर्ड," व्हर्डेल म्हणाली, "त्या कागदाकडे असं बघताय जसा काही तो उठून चावणार आहे."

"चावलाय."

"मग द्या चुलीत."

"चुलीत नाही घालायचा. उत्तर द्यायचंय."

तिनं हात पुसले, चष्मा लावला, उभ्यानंच वाचलं. "पहिल्या रांगेत खुर्ची," ती म्हणाली. "पाठ टेकायची आहे का? नाहीतर बाकडं देतील आणि त्यालाच खुर्ची म्हणतील." मी हसलो नाही. मग ती सफरचंदांकडे वळली, झारा फिरवत राहिली, आणि पाठमोरीच म्हणाली, "मीपण मोजताना लांबवलं होतं हो त्या दिवशी. चार. चा-आ-आ-र, असं. पंधरा वर्षांत तुम्हाला सांगितलं नाही."

मला ते ठाऊक होतं. सगळेच लांबवत होते. एवढ्या गर्दीतून मला तिचा वेगळा आवाज ऐकू आला होता असं मी म्हणणार नाही, पण आला होता.

ती जुनी व्यायामशाळा तुमच्यापैकी किती जणांनी पाहिलीय कोण जाणे. बाहेरून ती खोक्यासारखी दिसायची आणि आतूनही खोक्यासारखीच होती. सीमारेषेपासून भिंत दोन पावलांवर, एका बास्केटमागं वाफेचे नळ उघडे, त्यांवर आदळून कितीतरी पाहुण्यांची कोपरं भाजली. वर सज्जा इतका खाली आलेला की कोपऱ्यातून चेंडू टाकायचा तर उंच टाकायची सोय नाही, सपाट मारावा लागायचा. आमची मुलं तसा मारायला शिकली होती. दुसऱ्या टोकाला रंगमंच, त्यावर खुर्च्या, त्यांवर चर्चच्या टोप्या घातलेल्या बाया. सहाशेची जागा, अकराशे माणसं. आणि भिंतीवर घड्याळ नाही. घड्याळ माझ्यापुढं, टेबलावर, डब्याएवढं, तोंड माझ्याकडे. शेजारी पाहुण्यांचा माणूस बसायचा, तो माझ्या खांद्यावरून बघायचा. बाकी कोणाला, खेळाडूंना, कोचला, पंचाला, किती वेळ उरलाय ते दिसायचं नाही. कोच मॅनिंग ओरडायचे, "पेट, किती?" मी ओरडायचो, "दोन चाळीस!" शेवटच्या मिनिटांत गोंगाटात तेही पोचायचं नाही, आणि मग अकराशे माणसं माझ्या तोंडाकडे बघायची. दिवसभर ज्याच्याकडे कोणी बघत नाही, ज्याच्या नखांतला कोळसा निघत नाही, अशा माणसाच्या तोंडाकडे. मला ते आवडायचं. लाज नाही मला सांगायला. एक-दोन गुणांचा सामना असला, घाम, ओली लोकर, भाजलेले शेंगदाणे यांचा वास कोंडलेला असला, चेंडू लाकडावर आपटतोय ते टेबलातून माझ्या कोपरांत चढत असलं, की वाटायचं, जगात आणखी काही नसलं तरी चालेल. एकतर्फी, वीस गुणांनी जिंकलेला सामना मला कधीच आवडला नाही. त्यात कोणाला घड्याळाची गरज नसते.

आणि ती मोजणी. बाहेरच्यांना ते आमचं वेडच वाटायचं. दहा सेकंद उरले की मी पिस्तूल वर धरायचो, खोट्या बारांचं, शर्यतीला वापरतात तसलं. ते वर गेलं की सबंध इमारत मोजायला लागायची, दहा, नऊ, आठ. आपण पुढं असलो की दहा सेकंद सहात संपवायचे. आपण मागं असलो की एकेक आकडा असा ओढायचे की घसा फाटावा. कोणी ठरवून करायचं नाही. कोच पोरांना दर वर्षी बजावायचे, "लोकांच्या मोजणीवर जाऊ नका, पेटच्या हाताकडे बघा." पोरं मान डोलवायची.

एक्कावन्नचा फेब्रुवारी, शनिवार, दुपारी दोनचा सामना. पाहुणे व्हर्जिनियाचे. त्यांना अंधाराच्या आत राज्याची हद्द ओलांडायची होती, आमच्या काळ्या लोकांनी भरलेली बस त्या रस्त्यानं रात्री न्यायची नसते, म्हणून दुपारी. त्यांच्याबरोबर वेळ बघायला आलेले मिस्टर ब्रॉडनॅक्स पोटापाण्याला मयताची कामं करायचे आणि सामन्यालाही तोच काळा कोट घालून आले होते. बसताना म्हणाले, "घाबरू नका, आज सुट्टीवर आहे." मध्यंतरात त्यांनी मला अर्धं सँडविच दिलं. माणूस चांगला होता.

चार मिनिटं उरली तेव्हा ते त्रेपन्न, आपण बावन्न. आणि त्यांनी चेंडू दाबला. तेव्हा त्याला बंदी नव्हती, एकदा पुढं गेलात की चेंडू घेऊन उभं राहायचं, पाहिजे तर सामना संपेपर्यंत. त्यांचा एक उंच गडी मधल्या रेषेजवळ चेंडू कमरेवर घेऊन उभा, बसची वाट बघणाऱ्यासारखा. आमचे पुढं गेले की हा दुसऱ्याकडे टाकणार, परत घेणार, परत उभा. मिनिट गेलं. लोकांनी पाय आपटले. रंगमंचावरून चर्चमधली सिस्टर ओडेसा ओरडली, "उबवतोयस होय रे बाळा? किती दिवसांनी फुटेल?" सगळे हसले, तो गडीसुद्धा हसला, पण चेंडू सोडला नाही. "लग्न कर त्याच्याशी!" सज्ज्यातून कोणीतरी. "त्याची आई नाही म्हणाली!" दुसऱ्यानं. माझ्यापुढं काटा फिरत होता. काही घडत नसताना काटा फिरतो ना, तेव्हा तो जास्त दिसतो. तीन दहा. दोन. एक वीस. मी एकदा वर बघितलं तर कोरली सज्ज्याच्या कठड्यातून पाय बाहेर सोडून बसलेली, आठ वर्षांची, तोंडात वेणीचं टोक.

दहाला मी पिस्तूल वर धरलं आणि मोजणी सुरू झाली. मागं असतानाची मोजणी. द-हा. न-ऊ. माझा काटा सहावर होता तेव्हा ते अजून आठावर होते, आणि नेमक्या त्या वेळी रूडेल स्पॉल्डिंगनं हात घातला. रूडेल आपला, समुद्राकडच्या कोळ्याचा मुलगा, हात लांब आणि बोलणं आखूड. त्यानं चेंडू त्या गड्याच्या कमरेवरून असा काढला की त्याला उशिरा कळलं. मग तो धावला. मला तो दिसत होता आणि काटाही दिसत होता, एका डोळ्यात एक, आणि कानात ते आकडे. पाच, ते म्हणाले. माझ्याकडे दोन होते. चा-आ-आ-र. माझ्याकडे एक. तो कोपऱ्यात पोचला, सज्ज्याखाली, त्याच्या आवडत्या जागी. चेंडू त्याच्या कमरेपाशी होता. काटा वर आला, बाराच्या खुणेवर बसला. मी घोडा ओढला.

खट्.

एवढंच. बार उडाला नाही. खाली रूडेलनं आणखी एक टप्पा घेतला, निवांत, वेळ असल्यासारखा. तीन, लोक म्हणत होते. मी परत ओढला. तोवर तो वर उठला होता, चेंडू हातातून सुटला होता, आणि धाड् झालं, आणि एक, म्हणाले लोक, अकराशे जण, आणि चेंडू जाळीतून गेला. कडेला स्पर्शही नाही.

पुढं काय झालं ते तुम्हाला कोणीतरी सांगितलं असेल, तेवढंच सगळे सांगतात. टोप्या उडाल्या. लोक मैदानात आले, रूडेलला उचललं. पंच हारगेट गर्दीतून वाट काढत टेबलापाशी आले, शिटी दातांत, शर्ट अंगाला चिकटलेला. नियम तेव्हा असा होता. पिस्तूल वेळेवर वाजलं नाही तर पंचानं दोन्ही वेळ बघणाऱ्यांना विचारायचं. दोघांचं जुळलं, की चेंडू सुटण्याआधी वेळ संपली होती, तर बास्केट बाद. दोघांचं जुळलं नाही तर बास्केट धरायची. म्हणजे मी 'वेळ उरली होती' म्हणायचीही गरज नव्हती. मला खोटं असं बोलावंच लागणार नव्हतं. 'नीट दिसलं नाही' एवढं म्हटलं असतं तरी आपण चोपन्न-त्रेपन्ननं जिंकलो असतो. तुम्ही आज जे टाइप करून पाठवलंय त्याच अर्थाचं वाक्य. पंधरा वर्षांपूर्वी ते माझ्या जिभेवर येऊन गेलंय. नवं काही शोधलं नाहीत तुम्ही.

हारगेटनी आधी ब्रॉडनॅक्सना विचारलं. "संपली होती," ते म्हणाले. मग हारगेट माझ्याकडे वळले. पलीकडे रूडेल लोकांच्या खांद्यावर होता, त्याचा एक बूट निघून पडला होता. कोच बघत होते. सिस्टर ओडेसा छातीवर हात ठेवून उभी. मला आठवतं ते असं की त्या क्षणी मला कोणाचा राग नव्हता, भीतीही वाटली नाही, उलट पोटात कुठंतरी खूप मऊ वाटलं. ही सगळी माणसं आठवडाभर तंबाखूच्या धुळीत खोकतात, दुसऱ्यांची धुणी धुतात, शहरात पाणी प्यायचं तर नळ गोऱ्यांचा की आपला ते आधी पाटीवर वाचतात, आणि शनिवारी इथं येऊन एका कोळ्याच्या पोराला दोन सेकंद जास्तीचे द्यायचे म्हणून घसे फोडतात. तसं माझंही त्यांच्यावर, त्या पोरावर, प्रेमच होतं. पण माझ्यापुढं घड्याळ होतं. त्याचं तोंड माझ्याकडे होतं याचा अर्थच हा होता की ते बाकीच्यांनी माझ्यावर सोडलं होतं.

"संपली होती," मी म्हणालो. "चेंडू अजून त्याच्या कमरेवर होता."

हारगेटनी हात आडवा फिरवला. लोकांनी रूडेलला खांद्यावरून खाली ठेवलं. मग कोणीतरी म्हणालं, "भट्टीवाल्या, कोणाचं मीठ खातोस रे?" ब्रॉडनॅक्स टोपी घालत हळूच म्हणाले, "मी आता बसमध्ये चढेन आणि जाईन. तुम्हाला इथंच राहायचंय." आणि माझा हात दोन्ही हातांत धरला, मयताच्या घरी धरतात तसा.

मी खाली भट्टीपाशी गेलो. कोळसा टाकायचाच होता, तो काही हरण्या-जिंकण्यावर थांबत नाही. बार मी तिथंच ठेवायचो, भट्टीच्या माथ्यावर, दमट होऊ नयेत म्हणून. महिनाभर तिथं शिजून शिजून त्यातले काही मेले होते, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. ही चूक माझी. ती तुम्ही पाटीवर कोरा, मी सही करतो. बार माझ्यामुळं उडाला नाही. वेळ मात्र वेळेवर संपली होती.

थोड्या वेळानं रूडेल आला. ओले केस, हातात बूट. माझ्या शेजारी उलट्या बादलीवर बसला. मी राखेत रताळी खुपसून ठेवली होती, त्यातलं एक काठीनं ओढून त्याच्याकडे ढकललं. तो फुंकर मारत सोलत राहिला.

"पेटकाका," शेवटी म्हणाला, "किती होतं?"

"गेलं होतं. तुझा शेवटचा टप्पा पडायच्या आधी."

"मी तीन ऐकलं. म्हटलं आहे वेळ, नीट उभं राहून मारू."

"माझ्या हाताकडे बघायचं होतंस."

"हाताकडे कोण बघतं हो? ते लोक एवढे ओरडत होते." मग तो हसला. आधी नाकातून, मग खदखदून, रताळं हातात धरून. "आपलीच माणसं, काका. मला वेळ पुरवत होती, आणि मी बसलो खात!" मीही हसलो. भट्टीच्या दारातून उजेड त्याच्या तोंडावर पडला होता, आणि ते तोंड हरलेल्या माणसाचं नव्हतं. तो म्हणाला, "तुम्ही खरं सांगितलं नसतंत ना, तर मला कळलंच नसतं. जन्मभर सांगत सुटलो असतो." आणि दुसरं रताळं मागितलं. दोन रताळी खाल्ली त्यानं, माझ्या वाटणीचंसुद्धा.

घरी व्हर्डेलनं ताट वाढलं. मी बसत नव्हतो. "जेवा," ती म्हणाली, "खरं बोलून उपाशी राहायची पद्धत नाही आपल्यात." कोच दोन आठवडे बोलले नाहीत. मग एका सकाळी भट्टीपाशी आले, बारांचा नवा डबा दिला. "हा खिशात ठेव, त्या चुलीवर नको. पिस्तुलाची चूक तुझी होती." पायरीवर थांबून म्हणाले, "उत्तराची नव्हती." आणि पुढची बारा वर्षं वेळ मीच बघितली. एकदाही कोणी माझ्याकडे दुसऱ्यांदा विचारायला आलं नाही. मी 'संपली' म्हटलं की संपली. पाहुण्यांचे वेळ बघणारे नंतर नंतर माझ्या खांद्यावरून बघायचेसुद्धा बंद झाले, गप्पा मारत बसायचे. माझ्या आयुष्यात याहून मोठं काही झालं नाही, आणि मला वाटतं, व्हायला नकोही होतं. म्हणून मी सांगतोय की मी सुखी माणूस आहे. रागावलेला आहे तो आज सकाळपासून.

तुम्ही लिहिता, त्या वर्षाची गुणवही सापडत नाही. ब्रॉडनॅक्स वारले. कोच वारले. शहराच्या मोठ्या, गोऱ्यांच्या पेपरात आपल्या सामन्यांची ओळसुद्धा यायची नाही, कुत्र्यांच्या प्रदर्शनाला पाऊण पान असायचं. म्हणजे लिहून ठेवलेलं कुठंच काही नाही. ते खरंय. पण त्यांनी आपलं लिहिलं नाही म्हणून आपण आपलं खोटं लिहायचं? उद्या त्यांच्यापैकी कोणी म्हणालं की या लोकांचे आकडे कशाला मानायचे, तर तुम्ही काय तोंड दाखवाल? आपल्याकडे आपल्या शब्दाशिवाय होतं काय तेव्हा? सहा वर्षांत घरी एकच सामना गेला. एक! तो तसाच लिहायला तुम्हाला लाज वाटते, आणि मला आजही तो आठवला की अंग गरम होतं, इतका तो चांगला सामना होता. आणि त्या दिवशी मोजणाऱ्या आपल्या लोकांशी तुमची बरोबरी करू नका. त्यांनी वेळ लांबवली ती दमेपर्यंत ओरडून, सगळ्यांसमोर, प्रेमानं. तुम्ही ती कचेरीत बसून लांबवताय, सगळे मेल्यावर.

सगळे मेलेले नाहीत. रूडेल स्पॉल्डिंग विल्मिंग्टनला मुख्याध्यापक आहे. त्याचा पत्ता माझ्याकडे आहे, तुमच्याकडेही असणार, वर्गणीची पत्रं त्याला वेळेवर जातात. त्याला का नाही विचारलंत? मी सांगतो का नाही. तो हसेल आणि खरं सांगेल, म्हणून.

सफरचंदं झाली. व्हर्डेलनं दोन बशा मांडल्या, आणि माझ्या बशीशेजारी शाईचं पेन ठेवलं. "आधी खा," ती म्हणाली, "मग शिव्या लिहा. गार झाली तर मी परत नाही तापवणार." मी खाल्ली. लोणी, साखर, दालचिनी, जशी हवीत तशी. मग हात धुऊन हे लिहायला बसलो. शिव्या लिहिलेल्या नाहीत, एकच प्रश्न लिहिलाय, आणि त्याला समितीचं उत्तर मला नकोय. समितीला तोंड नसतं. तुम्ही सात जण आहात. तुमच्यापैकी चौघं त्या शनिवारी त्या खोक्यात होतात, कोण कुठं बसला होता तेही मी सांगू शकतो. तेव्हा प्रत्येकानं वेगवेगळ्या कागदावर, आपल्या हातानं लिहून, खाली स्वतःचं पूर्ण नाव घालून मला कळवा. एक्कावन्नच्या फेब्रुवारीत, घरच्या मैदानावर, आपण तो सामना हरलो की नाही?